आत्या बसल्या की मोटार खोकते

मोटारीला उजव्या बाजूला मागचं दार होतं, पण ते सुतळीनं बांधलेलं होतं. त्यामुळे सगळ्यांना डावीकडूनच चढावं लागे. आधी लोणच्याची बरणी चढली, मग कुंद्याचा (बेळगावी खव्याच्या मिठाईचा) डबा, मग मी, आणि सगळ्यात शेवटी ताराआत्या. त्या बसल्या तेव्हा मोटार डावीकडे किंचित कलली आणि तशीच राहिली. पुढच्या सीटवर चालवणाऱ्याच्या शेजारी हवा भरायचा पंप, पाण्याचे डबे आणि हत्यारांची पेटी होती. सासूबाईंनी बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं, आणि पौषातल्या एका थंड सकाळी आम्ही बेळगाव सोडलं.

मोटार चालवत होते ते माझे यजमान. त्या काळी नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नव्हती, पण आता घ्यायला हरकत नाही. त्यांचं नाव माधव. ते शाळेत भूमिती शिकवत. ही विलायती मोटार त्यांनी एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून घेतली होती. ती इतकी चाललेली होती की मैल दाखवणारे आकडे शेवटपर्यंत जाऊन पुन्हा शून्यापासून निघाले होते. माधवना त्याचं कौतुक वाटे. ते म्हणत, "हिला रस्ता शिकवावा लागत नाही."

ताराआत्या म्हणजे माधवच्या थोरल्या आत्या. देह भारदस्त, आवाज त्याहून भारदस्त. तरुणपणीच विधवा होऊन भावाकडे आल्या, आणि पुढं सगळं घर त्यांच्याच शब्दावर चालायला लागलं. त्यांची धाकटी बहीण शालन गोव्यात सांग्याला दिलेली. मधली काही वर्षं सरहद्द बंद होती. चिठ्ठीचपाटीसुद्धा कुणाच्या तरी हातून फिरून फिरून यायची. गोवा मोकळा झाल्यावरही एकीचं दुखणं, दुसरीची भातकापणी, असं काही ना काही आडवं येत गेलं आणि भेट राहूनच गेली. आता शालनआत्यांची लेक कॅसलरॉकला बाळंत झाली होती, जावई तिथं रेल्वेत होता. बारसं सकाळी उरकून शालनआत्या दुपारच्या गाडीनं परत जाणार होत्या. घरी सासू अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे मुक्काम करणं शक्यच नव्हतं. तेव्हा ती गाडी सुटायच्या आत आम्हाला पोचायचं होतं.

रेल्वेनं गेलो असतो तर सरळ पोचलो असतो. पण आत्यांना इंजिनाच्या धुरानं खोकला यायचा, आणि माधवना नवी मोटार जुन्या नातेवाइकांना दाखवायची होती.

खानापूर मागे पडेपर्यंत सगळं सुरळीत होतं. पुढे रस्ता खराब झाला आणि मोटारीला पहिली उचकी लागली. चालता चालता एखादा ठोका चुकावा तसं इंजिन मध्येच अडखळलं, आम्हा सगळ्यांना एक धक्का बसला, आणि पुन्हा नीट चालू झालं.

"मिस मारतेय," माधव म्हणाले. म्हणजे इंजिनाचा एखादा स्फोट वायाच जात होता.

थोड्या वेळानं दुसरी उचकी. मग लागोपाठ तीन. मग मैलभर काहीच नाही.

"पेट्रोलमध्ये कचरा असेल," माधव म्हणाले.

"माधू, ही सीट तापते रे," आत्या म्हणाल्या.

"ऊन चढतंय आत्या."

ऊन अजून रस्त्याकडच्या झाडांआडच होतं, आणि माझ्याकडची सीट गार होती. आत्याही सावलीतच होत्या. पण मी त्या घरात नवी होते, आणि ऊन कुठून येतं यावर भूमितीच्या मास्तरांशी वाद घालणं बरं दिसलं नसतं.

लोंढ्यावरून पुढे आम्ही रामनगरला पोचलो. हल्ली ज्याला जोयडा तालुका म्हणतात तो मुलूख तेव्हा सुप्याच्या नावानं ओळखला जाई. रामनगरचा बाजार तेव्हा लहानच होता. भुसाराची दोनचार दुकानं, लाकडाच्या ट्रकांची रांग, आणि रस्त्याकडेला एक चहाचं हॉटेल. गावात पाऊल टाकल्याबरोबर कानावर आपली मराठी पडते, फक्त तिच्यात मध्येच कानडी डोकावतं आणि शेवटाला कोकणी हेल येतो. हॉटेलवाल्यानं आम्हाला बन्स (पिकलं केळं घालून केलेल्या फुगीर गोडसर पुऱ्या) आणि चटणी दिली. आत्यांनी चार खाल्ल्या आणि आपल्याला भूक नव्हती असं सांगितलं.

हॉटेलवाला टॉवेलला हात पुसत मोटारीजवळ आला. "काय झालंय वो मास्तर?"

"मिस मारतेय."

"प्लग. दुसरं काय असतंय? माझ्या मेव्हण्याचा ट्रक हाय, मला ठावं हाय." त्यानं आपल्या हातानं इंजिनात ठिणगी पाडणारे प्लग काढले, पॉलिशपेपरनं घासले, फुंकर मारली आणि पुन्हा बसवले. माधवनी पंप, डबे नि पेटी खाली उतरवून त्याला शेजारी बसवलं आणि बाजारातून एक फेरी मारली. मी आणि आत्या हॉटेलच्या बाकावर होतो. खड्ड्यातून, दगडावरून, सगळीकडून मोटार मांजरासारखी गुरगुरत गेली नि आली. एकही उचकी नाही.

"बघा," हॉटेलवाला उतरत म्हणाला. "प्लग."

सामान पुन्हा लावलं. आम्ही चढलो. बाजार संपतो तिथं रस्त्यात एक चर होता. त्यात चाक गेलं, आणि मोटार अशी जोरात उचकली की कुंद्याचा डबा माझ्या मांडीवर आला. मागं वळून पाहिलं तर हॉटेलवाला अजून दारात उभा होता. तो घाईनं आत गेला.

रामनगर सोडलं की रान सुरू होतं. दोन्ही बाजूंना साग, किंदळ, मत्ती अशी झाडं, आणि मध्ये तांबड्या मातीचा रस्ता. मोटारीमागं धुळीचा एवढा लोट उठायचा की आपण कुठून आलो ते दिसू नये. रानात अधूनमधून उजेडाचा तुकडा दिसायचा, तिथं भात कापून झालेली खाचरं आणि गवती छपराची चार घरं. हे सगळं मी डोळे भरून पाहिलं असतं, पण दर खड्ड्याला मोटार उचकत होती आणि दर उचकीला आत्या म्हणत होत्या, "शालू गेली आता."

एका चढावर समोरून लाकडाचा ट्रक आला. अरुंद रस्त्यावर दोघांनाही थांबावं लागलं. ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरला. त्याच्या कानाला लाल रुमाल बांधलेला होता आणि बोलणं तुटक.

"पॉइंट," तो म्हणाला. त्यानं आणखी काही विचारलंच नाही.

आम्ही बायका उतरून झाडाखाली उभ्या राहिलो. त्यानं बॉनेट उघडून प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं, आत सुरीच्या टोकानं काहीतरी खरवडलं, झाकण लावलं, आणि स्वतः मोटार घेऊन चढ चढून उतरून आला. मोटारीनं चकार शब्द काढला नाही.

"पॉइंट," तो पुन्हा म्हणाला, आणि ट्रक घेऊन गेला.

आम्ही बसलो. त्याचा ट्रक वळणाआड होईपर्यंत मोटारीनं दम धरला. मग ती उचकली.

त्या झाडाखाली उभी असतानाच माझ्या मनात एक विचार आला होता. आम्ही उतरलो की मोटार बरी, आम्ही बसलो की आजारी. आणि आम्ही म्हणजे नेमकं कोण, याबद्दल मला फारशी शंका नव्हती. मी तर वाऱ्यानं उडेन अशी होते. पण ही गोष्ट ताराआत्यांना सांगायची कुणी? माधवच्या मानेकडे मी मागून पाहत होते. ती मान जरा जास्तच ताठ होती. त्यांनाही कळलं आहे, असं मला वाटलं, आणि पुढं त्यांनी ते कबूलही केलं.

तिनईघाटाच्या पुढे रस्ता चढाचा होता. माधवनी मोटार थांबवली. समोर बघतच ते म्हणाले, "आत्या, इंजिनाला चढ जड जातोय. एवढा चढ पायी आलीस तर?"

"येते की," आत्या म्हणाल्या. ज्या आवाजात त्या हे म्हणाल्या तो आवाज मी घरात दोनदाच ऐकला होता, आणि दोन्ही वेळा स्वयंपाकीण बदलली होती.

त्या पदर खोचून चालू लागल्या. मीही उतरले. मोटार आमच्या पुढून एखाद्या नव्या नवरीसारखी डौलात चढून गेली. चढाच्या माथ्यावर एक वडाचं झाड, त्याखाली शेंदूर लावलेला दगड, आणि दगडाशेजारी खांद्यावर कोयता अडकवलेला एक माणूस बसला होता. आम्ही धापा टाकत पोचलो तेव्हा त्याची आणि माधवची ओळख झालेली होती. त्याचं नाव भिकू. खालच्या वस्तीवर त्याची भाताची खाचरं होती, आणि उरलेले दिवस तो जंगलखात्याच्या लाकूडतोडीवर जाई.

"बस अक्का," तो आत्यांना म्हणाला. "पेज हाय, पितीस?" त्यानं मडक्यातली नाचण्याची पातळ पेज पानाच्या द्रोणात ओतली, वर मीठ आणि वाळलेल्या आमसुलाचा तुकडा. आत्यांनी ती उभ्यानंच प्यायली आणि दुसरा द्रोण मागितला.

"गाडी का अडत्या ते सांगू काय?" भिकू म्हणाला. "हितं देवचार (वाटेचा राखणदार) हाय. नवी गाडी आली, त्येला काय दिलं न्हाई. नारळ ठेवा."

नारळ आमच्याकडे होता, बारशाच्या ओटीचा. माधवनी आत्यांकडे पाहिलं. आत्यांनी मान हलवली. नारळ ठेवला गेला. भिकूनं डोळे मिटून गाऱ्हाणं घातलं. मग माधवनी पुढचं सामान बाजूला सारून त्याला शेजारी बसवलं आणि मोटार दगडधोंड्यांतून फिरवून आणली. पुन्हा एकही उचकी नाही.

"मानला," भिकू समाधानानं म्हणाला.

 आत्या मोटारीपाशी गेल्या, मला पुढं घालून डावीकडून आत चढून बसल्या आणि म्हणाल्या, "चालव."

माधवनी मोटार पुढे घेतली. वडाच्या एका मुळावरून चाक गेलं आणि मोटार उचकली. भिकूनं आधी देवाकडे पाहिलं, मग आत्यांकडे, आणि मग वर झाडाकडे पाहत उभा राहिला.

"थांबव," आत्या म्हणाल्या.

मोटार थांबली. रानात कुठंतरी धनेश पक्ष्याचा कर्कश आवाज येत होता. 

"माधू, तू वर्गात कसं शिकवतोस? आधी काय लिहितोस फळ्यावर?"

"दिलेलं," माधव पडेल आवाजात म्हणाले.

"मग ऐक. दिलेलं असं, की मी उतरले की ही चालते आणि मी बसले की खोकते. रामनगरात तेच झालं, त्या ट्रकवाल्याकडे तेच, इथंही तेच. हे तुला ठाऊक होतं की नाही?"

माधवनी मान खाली घातली.

"आणि तुला गं?"

मी लोणच्याच्या बरणीचं फडकं घट्ट करू लागले.

"एवढी शिकलीसवरली माणसं," आत्या म्हणाल्या, "आणि म्हातारी रागावेल म्हणून शालूची गाडी चुकवायला निघालात. मी जाड आहे हे मला ठाऊक नाही असं वाटलं काय तुम्हाला?" मग त्या भिकूकडे वळल्या. "तू ये रे इकडं. माझ्या जागी बस."

पुढचा खेळ मी जन्मात विसरणार नाही. आत्या वडाखाली उभ्या राहून हुकूम सोडत होत्या आणि त्या मुळावरून मोटार पुढेमागे जात होती. आधी त्यांच्या जागी मला बसवलं. काही झालं नाही. मग भिकूला. तो काटकुळाच होता, तेव्हाही काही नाही. मग मी आणि भिकू एकाच जागी, तो जमेल तितका अंग चोरून आणि मी जमेल तितकं तोंड फिरवून. मोटार बारीकशी उचकली. मग माझ्या मांडीवर लोणच्याची बरणी दिली. मोटार सणसणीत उचकली.

"म्हणजे माणूस कोण ते महत्त्वाचं नाही," आत्या म्हणाल्या. "वजन कुठं पडतं ते महत्त्वाचं. सीट उचल."

"सीट?"

"सकाळपासून सांगतेय तापते म्हणून. उचल."

सीटखाली उजव्या बाजूला बॅटरी होती. तिथवर माधवचा हात नेहमी जायचा. डावी बाजू मात्र डॉक्टरांच्या काळापासून कुणी उचललीच नसावी. ती निघता निघेना. शेवटी भिकूनं कोयत्याचा पाठचा भाग अडकवून ती उचकटली. खाली बॅटरीकडून इंजिनाकडे जाणारी जाड वायर होती. तिच्यावरचं वेष्टण वीतभर झिजून आतलं तांबं उघडं पडलं होतं, आणि बरोबर त्याच्यावर सीटची एक मोडकी स्प्रिंग लोंबत होती. वजनदार माणूस बसला आणि खड्डा आला की स्प्रिंग वायरला टेकायची, वीज भलतीकडे पळायची, आणि इंजिन उपाशी राहायचं. सीटच्या काथ्याला त्या जागी भाजून काळा डाग पडला होता. आणखी थोडे मैल गेलो असतो तर तो नुसता डाग राहिला नसता.

माधव त्या डागाकडे पाहतच राहिले. त्यांचा चेहरा उतरला होता. "आत्या, तू यावर बसली होतीस," ते हळूच म्हणाले.

"मग आता बघत काय बसलास? कशानं गुंडाळायचं ते सांग."

"रबर हवं. नाहीतर टेप."

टेप हत्यारांच्या पेटीत नव्हता. आत्यांनी आपली पिशवी उघडली आणि गुडघे शेकायची रबरी पिशवी बाहेर काढली. ती त्यांनी मुद्दाम मुंबईहून मागवलेली, घरात कुणाला हात लावू देत नसत. ती भिकूच्या हातात देऊन त्या म्हणाल्या, "काप."

भिकूनं ती उलटसुलट करून पाहिली. "अक्का, चांगली हाय की ही."

"काप म्हणते ना."

त्यानं ती कापली. एक तुकडा वायरभोवती गुंडाळून सुतळीनं बांधला, दुसरा वर ठेवला, आणि लोंबणारी स्प्रिंग वाकवून मागं वळवली. आत्या बसल्या. मोटार मुळावरून गेली, दगडावरून गेली, भिकूनं दाखवलेल्या एका मोठ्या खड्ड्यातून गेली. काही नाही.

"देवचारानंच बुद्धी दिली," भिकू म्हणाला.

"असेल," आत्या म्हणाल्या. "त्याचा नारळ त्यालाच राहू दे."

कॅसलरॉकपर्यंत माधवनी मोटार जशी हाणली तशी मी त्यांना पूर्वी किंवा नंतर कधी हाणताना पाहिलं नाही. रान दाट झालं, झाडांच्या फटीतून डोंगरामागं डोंगर दिसू लागले आणि मग अचानक रेल्वेच्या चाळी, कोळशाचे ढीग आणि स्टेशन. गाडी उभी होती. इंजिन वाफ सोडत होतं.

आत्या मोटार थांबायच्या आधीच उतरल्या. आम्ही मागून धावलो. फलाटावर पाटीवाल्या, हमाल, निरोप द्यायला आलेली माणसं, आणि त्या सगळ्यांमधून आत्या एकेका खिडकीत डोकावत चालल्या होत्या. मधल्या एका डब्याच्या खिडकीशी त्या थांबल्या. आत एक बारीक, पिकल्या केसांची बाई बसली होती. नाक अगदी आत्यांचं. त्यांनी एकमेकींना नीट पाहून घेतलं.

मग शालनआत्या म्हणाल्या, "किती सुटलीस गं."

"आणि तू अगदीच वाळलीस," ताराआत्या म्हणाल्या.

खिडकीच्या गजांतून त्यांनी एकमेकींचे हात धरले. मी कुंद्याचा डबा आत दिला. काय बोलावं, कुठून सुरुवात करावी, हे दोघींनाही सुचत नव्हतं. बाळाचं नाव काय ठेवलं, ओढ्यापलीकडची चिंच आहे का अजून, आईच्या पाटल्या कुणाकडे गेल्या, असलं काहीतरी तुटक तुटक चाललं होतं. एवढ्यात गार्डनं शिट्टी दिली.

आत्यांनी हात सोडला. दोन पावलं मागं आल्या. माधवकडे वळून म्हणाल्या, "तिकीट काढ."

"कुणाचं?"

"माझं. पळ."

"आत्या, तुला धूर..."

"पळ म्हणते ना."

माधव पळाले. तिकीट घेऊन ते परत आले तेव्हा गाडी हलली होती आणि दोन हमाल ताराआत्यांना डब्यात चढवत होते. तिकीट धावता धावता खिडकीतून आत गेलं. नेसत्या वस्त्रानिशी, पिशवीसुद्धा न घेता, आत्या गोव्याला गेल्या. शेवटचा डबा वळणाआड गेला तरी माधव फलाटावर हात वर करूनच उभे होते.

बाळाला पाहून, बारशाचं उरलंसुरलं जेवून आम्ही परत फिरलो. पण माधवना चैन पडेना. दुरुस्ती खरी झाली की काय, याची खात्री करायला आता आत्याच नव्हत्या. रामनगरला त्यांनी हॉटेलवाल्याला आणि त्याच्या दोन धष्टपुष्ट गिऱ्हाइकांना विनंती करून डाव्या बाजूला कोंबलं आणि तोच चर दोनदा ओलांडला. मोटार गुपचूप गेली.

"मी काय म्हटलं होतं?" हॉटेलवाला उतरत म्हणाला. "प्लग."

माधवनी त्याच्याकडचे बन्स बांधून घेतले.

बेळगावात दिवेलागणीला पोचलो. सासूबाई दारातच होत्या. त्यांनी आधी मागच्या सीटकडे पाहिलं.

"वन्सं कुठायत?"

"गाडीनं गेली," माधव म्हणाले.

सासूबाईंनी दारातल्या मोटारीकडे बोट दाखवलं. "मग ही काय आहे?"

त्या रात्री जेवताना मी सगळी हकीकत सांगितली. सासूबाई हसून हसून डोळे पुसू लागल्या आणि मग नुसतेच डोळे पुसत राहिल्या. त्या घरात आल्यापासून नणंदेला त्यांनी कधी कुठं आपल्या मनानं गेलेलं पाहिलं नव्हतं. जाणं ठरायचं ते दुसऱ्यांचं, आणि त्यांच्या तयारीची सगळी धावपळ आत्यांची, अशीच रीत होती.

आत्यांनी महिन्याभरानं येते असं पत्रानं कळवलं आणि शिमगा झाल्यावर आल्या. गोव्यात शालनआत्यांबरोबर त्यांनी मासे सोडून सगळं खाल्लं, देवळं पाहिली, समुद्रात पाय भिजवले आणि शालनआत्यांच्या अंथरुणाला खिळलेल्या सासूला सरळ उठवून बसवलं. पुढं वर्षातून एकदा त्या जात राहिल्या. मी त्या मुलखात नंतर अनेकदा गेले, चांगल्या रस्त्यांनी आणि चांगल्या मोटारींनी. डोंगर तेच होते, रानही बरंचसं तेच. पण प्रवासाला निघाले की मला फलाटावरच्या आत्या आठवतात, आणि मी अजून एक गोष्ट करते. बरोबरच्या माणसांना आधीच सांगून ठेवते की वाटेत मला कुठं उतरावंसं वाटलं तर मी उतरेन, आणि तुम्ही खुशाल पुढं जा.